द्वैभाषिक शासकीय शाळा : पालकांचे मतभेद, नेतृत्व आणि समन्याय
(सौंसर-पांढुर्णा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मध्य प्रदेशातील रामाकोना हे गाव सौंसर तहसिलीत, नागपूर-छिंदवाडा मार्गावर आहे. संत्री आणि कापूस पिकविणाऱ्या या पट्ट्यात घरात मराठी आणि शाळा-कचेरीत हिंदी असा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. काही कुटुंबांत पवारी किंवा गोंडी बोलली जाते, तर मुस्लिम कुटुंबांत उर्दूही आहे. बाजारपेठ, दवाखाना आणि सोयरीक यांसाठी लोक नागपूरकडे पाहतात. सरकारी कागद मात्र भोपाळहून येतो. ऑक्टोबर २०२३ पर्यंत हा भाग छिंदवाडा जिल्ह्यात होता. त्यानंतर सौंसर आणि पांढुर्णा परिसर मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला.

अशा परिसरातील शासकीय शाळा कागदोपत्री एका माध्यमाची असली तरी प्रत्यक्षात दोन भाषांची असते. शाळेचे काम कोणत्या भाषेत चालावे, या विषयावर पालकांत मतभेद होतात आणि बहुधा ते ‘भाषावाद’ या एकाच शब्दात गुंडाळले जातात. बारकाईने पाहिले तर त्यात तीन वेगवेगळे प्रश्न असतात. पहिला माध्यमाचा : मुलाने कोणत्या भाषेत शिकावे? दुसरा नेतृत्वाचा : ते ठरवायचे कोणी? तिसरा समन्यायाचा : शिक्षक, खोल्या, पुस्तके यांतील वाटा कोणाला किती? हे तीन प्रश्न वेगळे का करावे लागतात, आणि न केल्यास काय होते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. सामुदायिक महाविद्यालयांत शिकविणाऱ्या अध्यापकांसमोर येणारे अनेक विद्यार्थी स्वतः पालक असतात. त्यामुळे हा विषय त्यांच्या वर्गाशी सरळ जोडलेला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : विद्यामंदिर योजना

या प्रश्नाचे एक जुने आणि बोधप्रद उदाहरण याच प्रांतातील आहे. जुलै १९३७ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाड येथे डॉ. ना. भा. खरे यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. शिक्षणखाते पंडित रविशंकर शुक्ल यांच्याकडे होते. छिंदवाडा जिल्हा आणि त्यातील सौंसरचा मराठी मुलूख तेव्हा याच प्रांतात होता. शुक्ल यांनी ‘विद्यामंदिर’ योजना मांडली. जवळपास शाळा नसलेल्या आणि शाळायोग्य वयाची सुमारे ४० मुले-मुली असलेल्या गावात शाळा काढावी, गावकऱ्यांनी तिच्यासाठी जमीन द्यावी आणि त्या जमिनीच्या उत्पन्नावर शिक्षकाचा निर्वाह चालावा, अशी तिची कल्पना होती. सरकारी तिजोरीत पैसा नसताना खेड्यात शाळा कशी न्यायची, या प्रश्नावर शोधलेले ते उत्तर होते. शिक्षक घडविण्यासाठी वर्धा येथे प्रशिक्षण शाळा निघाली आणि एप्रिल १९३८ मध्ये गांधीजी तिच्या समारंभाला उपस्थित होते. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून निघालेल्या आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने आकार दिलेल्या मूलोद्योगी शिक्षणाशीही ही योजना जोडली गेली.

योजनेला मुस्लिम समाजातून तीव्र विरोध झाला. विरोधाचा दृश्य मुद्दा नावाचा होता. ‘मंदिर’ हा शब्द ज्ञानाचे घर या अर्थी वापरला आहे, असे सरकार सांगत होते. परंतु सार्वजनिक शाळेच्या पाटीवर तो शब्द आल्यास आपल्या मुलांना ती शाळा आपली वाटणार नाही, असे अनेक पालकांचे म्हणणे होते. या विरोधाला आधीच्या भाषावादाची पार्श्वभूमी होती. एप्रिल १९३६ मध्ये नागपूर येथे भरलेल्या भारतीय साहित्य परिषदेत ‘हिंदी-हिंदुस्थानी’ या शब्दप्रयोगावरून मौलवी अब्दुल हक आणि गांधीजी यांच्यात उघड मतभेद झाले होते. त्यामुळे पाटीवरील नावाच्या मागे उर्दूचे काय होणार, उर्दूचा शिक्षक मिळणार की नाही आणि शाळेच्या कारभारात आपला माणूस असेल का, हे प्रश्न उभे होते. मुस्लिम लीगच्या १९३८ च्या पीरपूर अहवालात या योजनेचा समावेश तक्रारींमध्ये झाला. विरोध सभा-ठरावांपुरता राहिला नाही. नागपुरात सत्याग्रहही झाला. अखेर १९३९ साली तडजोड झाली आणि मुस्लिमांच्या अशा शाळांना ‘मदीनतुल-इल्म’ हे नाव घेण्याची मोकळीक मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा जोर ओसरला.

या प्रकरणातून राजकीय पक्षांचे आरोप-प्रत्यारोप बाजूला काढले तर एक शैक्षणिक धडा उरतो. तडजोडीने नावाचा प्रश्न सुटला, कारण दोन समाजांना दोन पाट्या मिळाल्या. एकाच गावात, एकाच छपराखाली दोन भाषांची मुले असतील तर कारभार कोणी पाहावा आणि शिक्षक कोणाला मिळावा, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. सर्वांत बोलका मुद्दा मिटला म्हणजे वाद मिटला, असा समज आजही अनेक गावांत होतो. तो पुरेसा नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

१९५६ नंतरची स्थिती

स्वातंत्र्यानंतर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही राज्याच्या राजभाषा ठरल्या होत्या. सौंसरच्या माणसाला तेव्हा मराठी ही सरकारदरबारची भाषा होती. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल दिला. हद्दी ठरविताना आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हे एकक धरले. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा एकंदरीने हिंदीभाषी असल्यामुळे त्याच्या दक्षिणेकडील मराठी तहसिलींसह मध्य प्रदेशात राहिला.

परिणाम असा की, जी भाषा राज्याच्या दोन भाषांपैकी एक होती ती एका दिवसात अल्पसंख्याकांची भाषा झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै प्रकरणात अल्पसंख्याक ठरविण्याचे एकक राज्य हेच असल्याचे सांगितले. त्यामुळे रामाकोन्यातील मराठी कुटुंब मध्य प्रदेशात भाषिक अल्पसंख्याक आहे आणि हद्द ओलांडून नागपूरला गेले की तेच कुटुंब बहुसंख्याक ठरते. शेजारच्या हिंदीभाषी कुटुंबाची स्थिती याच्या नेमकी उलट होते. एका पिढीने मराठीत शिकावे आणि पुढच्या पिढीने हिंदीत, असे येथे अनेक घरांत घडले. आजी-आजोबा मुलाचे मराठी वाचन सुटले म्हणून हळहळतात, तर आई-वडील नोकरी आणि स्पर्धा परीक्षा हिंदीत आहेत असे सांगतात. दोन्ही बाजू मुलाच्या हिताचेच बोलत असतात, हे प्रथम मान्य करावे लागते.

कायदा काय सांगतो?

भाषेसंबंधीच्या तरतुदी आणि शाळा चालविण्यासंबंधीच्या तरतुदी वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. पालकांचा गोंधळ बऱ्याच अंशी यातून होतो.

१. मातृभाषेची सोय : १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५० (क) आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. ३५० (ख) नुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद झाली. त्याआधीच, ऑगस्ट १९४९ मध्ये, प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक माप ठरविले होते : शाळेत अशी ४० किंवा एका वर्गात १० मुले असतील तर त्या भाषेचा शिक्षक नेमावा.

२. निवडीचे स्वातंत्र्य : ६ मे २०१४ रोजी कर्नाटकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, राज्य मातृभाषेचे माध्यम सक्तीने लादू शकत नाही, असा निर्णय दिला. सोय करणे आणि सक्ती करणे यांत न्यायालयाने फरक केला. दुसऱ्या बाजूने, राज्याची भाषा हा एक विषय म्हणून शिकविण्याचा आग्रह राज्य धरू शकते, हे २००४ च्या उषा मेहता प्रकरणात महाराष्ट्रातील गुजराती शाळांच्या संदर्भात मान्य झाले आहे.

३. शाळेचा कारभार : १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यातील कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या सदस्य महिला असल्या पाहिजेत आणि वंचित गटांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे. शाळा विकास आराखडा तयार करणे हे या समितीचे काम आहे. मध्य प्रदेशाला पालकांच्या सहभागाचा अनुभव त्याआधीपासून आहे. १९९७ च्या शिक्षण हमी योजनेत ४० मुलांच्या (आदिवासी भागात २५ मुलांच्या) पालकांनी मागणी केल्यास ९० दिवसांत शिक्षणाची सोय करण्याची हमी होती. २००२ च्या जन शिक्षा अधिनियमाने पालक-शिक्षक संघाला कायद्याचे रूप दिले.

येथे एक तरतूद विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. २००९ च्या कायद्यातील कलम २ (घ) मध्ये ‘वंचित गट’ याची व्याख्या करताना अनुसूचित जाती-जमातींबरोबर सामाजिक, सांस्कृतिक, आर्थिक, भौगोलिक, लिंगविषयक आणि भाषिक कारणांनी मागे राहिलेल्या गटांचाही उल्लेख आहे. म्हणजे भाषेमुळे मागे राहिलेल्या पालकांना समितीत प्रमाणशीर जागा देण्याचा मार्ग कायद्यात आहे. परंतु असा गट राज्य शासनाने अधिसूचनेद्वारे निर्दिष्ट करावा लागतो. तोपर्यंत ही वाट उघडत नाही. भाषेचा हक्क एका दस्तऐवजात आणि समितीतील जागा दुसऱ्या दस्तऐवजात, असे झाल्यामुळे दोहोंचा सांधा जुळविण्याचे काम गावावर पडते.

गणितात दडलेला वाद

पालकांच्या मतभेदांचे मूळ पुष्कळदा स्वभावात नसून आकड्यांत असते. २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० मुलांना ३, ९१ ते १२० मुलांना ४ आणि १२१ ते २०० मुलांना ५ शिक्षक असतात. हे मोजताना शाळेतील सर्व मुले धरली जातात. त्यांची भाषा मोजली जात नाही. १९४९ चे माप मात्र भाषेप्रमाणे मुले मोजते.

समजा, एका गावातील शाळेत ६० मुले आहेत. त्यांपैकी ४० मुलांच्या पालकांना मराठी हवी आहे आणि २० मुलांच्या पालकांना हिंदी. १९४९ च्या मापाने मराठीचा शिक्षक मिळाला पाहिजे. अनुसूचीप्रमाणे शिक्षक दोनच आहेत. एक मराठीचा आणि एक हिंदीचा अशी वाटणी केली तर प्रत्येकाला पाचही इयत्ता एकट्याने शिकवाव्या लागतात. शिवाय एकाकडे ४० मुले आणि दुसऱ्याकडे २०. मराठी पालक म्हणतात, आमच्या शिक्षकावर दुप्पट भार. हिंदी पालक म्हणतात, राज्याच्या भाषेची मुले असून आमच्या वाट्याला पाच इयत्तांचा एकच वर्ग. दोघांचीही तक्रार खरी आहे आणि दोघेही ती एकमेकांविरुद्ध मांडतात. वास्तविक उणीव तिसरीकडे आहे : पदे मंजूर करताना शाळा दोन भाषांची आहे, हे धरलेलेच नाही.

याच उदाहरणात दुसरी मांडणी शक्य आहे. दोन्ही शिक्षक दोन्ही भाषा जाणणारे असतील, तर एकाने पहिली-दुसरी आणि दुसऱ्याने तिसरी ते पाचवी घ्यावी. लहान वर्गात शिक्षकाने घरच्या भाषेतून सुरुवात करून हळूहळू दुसऱ्या भाषेकडे न्यावे. येथे मुलांची विभागणी होत नाही, आणि भाषाही सुटत नाही. यासाठी पद भरताना शिक्षकाच्या भाषाज्ञानाची नोंद पाहावी लागते. सौंसर-पांढुर्ण्यासारख्या भागात असे शिक्षक मिळणे अवघड नाही. मागणी त्या शब्दांत केली जात नाही, ही अडचण आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावे, असे म्हटले आहे. त्यामुळे ही मागणी धोरणाला धरूनच आहे.

नेतृत्वाचा प्रश्नही असाच आकड्यांशी जोडलेला आहे. अनुसूचीप्रमाणे प्राथमिक स्तरावर १५० पेक्षा अधिक मुले असल्याशिवाय मुख्याध्यापकाचे वेगळे पद नसते. लहान शाळेत दोनपैकी एक शिक्षकच प्रभारी म्हणून काम पाहतो. तो ज्या भाषेचा असेल ती शाळेची भाषा, असा समज गावात होतो. सूचना कोणत्या भाषेत लागते, पालकसभेत कोणत्या भाषेत बोलले जाते, इतिवृत्त कोणाला वाचता येते, या लहान गोष्टींतून तो दृढ होतो. ज्या आईला इतिवृत्त वाचता येत नाही ती समितीची सदस्य असूनही निर्णयाबाहेर राहते. निम्म्या महिलांची अट कागदावर पूर्ण होते आणि बोलणारे मात्र तेच चार-दोन पुरुष असतात.

समन्याय : समान वाटणीच्या पुढे

समान वाटणी म्हणजे सर्वांना तेवढेच; समन्याय म्हणजे ज्याला जे कमी आहे ते त्याला आधी. द्वैभाषिक शाळेत हा फरक तीन ठिकाणी जाणवतो.

पहिले, बोलणाऱ्या दोन गटांच्या वादात तिसरा गट नजरेआड होतो. मराठी की हिंदी या चर्चेत गोंडी बोलणाऱ्या मुलाला दोन्ही भाषा नव्या आहेत, याची आठवण क्वचितच होते. उर्दू घरातील मूल बोली हिंदी समजते, पण घरची लिपी त्याला शाळेत भेटत नाही. यांची संख्या १० किंवा ४० च्या मापात बसत नाही, म्हणून त्यांचा प्रश्न उपस्थितच होत नाही.

दुसरे, ज्यांना शाळा सोडता येते त्यांचा निर्णय ज्यांना सोडता येत नाही त्यांच्यावर पडतो. समितीत आग्रहाने बोलणारा सधन पालक काही काळाने आपले मूल खाजगी इंग्रजी शाळेत घालतो. अशी चार-पाच मुले गेली की पट घसरतो, शिक्षकाचे पद जाते, आणि मजुराचे मूल एकशिक्षकी शाळेत उरते. ४० वर मिळणारा शिक्षक ३९ वर मिळत नाही. भाषेच्या वादात जिंकलेला गट आणि हरलेला गट यांच्यापेक्षा मागे उरलेल्या मुलाचे नुकसान मोठे असते.

तिसरे, एकाच शाळेत दोन प्रतीच्या तुकड्या तयार होतात. महाराष्ट्रात मराठी व उर्दू शाळांमधून गणित आणि विज्ञान इंग्रजीत शिकविण्याची ‘सेमी’ पद्धत रुजली आहे. पालकांची इच्छा समजण्याजोगी आहे. परंतु काही ठिकाणी ‘हुशार’ मुले सेमीत आणि उरलेली साध्या तुकडीत, अशी विभागणी होते आणि भाषेच्या निवडीचे रूपांतर श्रेणीत होते. द्वैभाषिक शाळा मागताना ही चूक टाळणे आवश्यक आहे.

अल्पसंख्याक संस्थांसाठी बोध

अनुच्छेद ३० (१) नुसार धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करून चालविण्याचा हक्क आहे. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याक शाळांतील व्यवस्थापन समितीचे काम सल्ल्यापुरते ठेवले आणि २०१४ च्या प्रमती प्रकरणात २००९ चा कायदा अशा शाळांना लागू नसल्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून प्रकरण मोठ्या पीठाच्या विचारार्थ पाठविले. संस्थेचा स्वायत्ततेचा हक्क मोलाचा आहेच. पण जी संस्था शासकीय शाळेत आपल्या समाजाच्या पालकांना समितीत जागा मागते, तिने स्वतःच्या शाळेतील पालकांना, विशेषतः मातांना, बोलण्याची जागा दिलेली असणे हे त्या मागणीला नैतिक बळ देते.

महाराष्ट्रातील २०२५ ची घटनाही येथे उपयुक्त आहे. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणणारा एप्रिलचा शासन निर्णय आणि त्यानंतरचा जूनमधील सुधारित निर्णय असे दोन्ही २९ जून २०२५ रोजी मागे घ्यावे लागले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हद्दीच्या त्या बाजूस मराठी पालकांनी हिंदीविषयी जे म्हटले, त्याच्याशी जुळते म्हणणे या बाजूस मराठी पालक शाळेच्या हिंदी माध्यमाविषयी मांडू शकतात. भाषा बदलली तरी पालकांचा मूळ प्रश्न एकच राहतो : आमच्या मुलाविषयी ठरविताना आम्हाला विचारले का?

अध्यापकांनी काय करावे?

१. पालकसभेपूर्वी तिन्ही प्रश्न वेगळे लिहून काढण्याची सवय लावावी : माध्यम कोणते, निर्णय कोणाचा, वाटा किती. एका सभेत एकच प्रश्न घ्यावा.

२. शाळेतील मुलांची घरची भाषा इयत्तावार नोंदवून घ्यावी. ही साधी यादी हातात असल्यास अंदाजावरचे भांडण कमी होते आणि १९४९ च्या मापाचा आधार घेता येतो.

३. मागणी एकमेकांविरुद्ध न करता एकत्रितपणे शिक्षण विभागाकडे करावी आणि ती ‘दोन्ही भाषा जाणणारा शिक्षक’ अशा नेमक्या शब्दांत असावी. ती शाळा विकास आराखड्यात नोंदवावी.

४. समितीचे इतिवृत्त दोन्ही भाषांत लिहावे आणि सभेच्या शेवटी मोठ्याने वाचून दाखवावे. अध्यक्षपद आळीपाळीने वेगवेगळ्या भाषागटांकडे जावे, असा संकेत गावाने पाळावा.

५. ज्या गटाची मुले सर्वांत कमी आहेत त्यांच्या पालकांना सभेत प्रथम बोलू द्यावे.

समारोप

१९३९ साली या प्रांताने पाटीवरील नावाचा वाद मिटविला आणि १९५६ साली हद्दींचा. शाळेच्या आतला कारभार आणि वाटा यांचे प्रश्न दोन्ही वेळा गावावर सोडले गेले. सौंसर-पांढुर्ण्यातील पालकांना दोन भाषा ओझे वाटण्याचे कारण नाही. त्या त्यांच्या घरात आधीपासून नांदत आहेत. शाळेतही त्या नांदाव्यात, यासाठी गावाने मुलांची भाषा मोजून ठेवणे, सर्वांना समजेल अशा भाषेत निर्णय घेणे आणि सर्वांत कमी आवाज असलेल्या मुलाला शेवटी न ठेवणे ही कामे आवश्यक आहेत. यांतील एकही काम शासनाच्या आदेशाची वाट पाहत नाही. वरिष्ठांकडे मागायचे ते दोन्ही भाषा जाणणाऱ्या शिक्षकाचे पद. ते मागताना सर्व पालकांच्या सह्या एकाच अर्जावर असतील, तर त्या अर्जाचे वजन निश्चित वाढेल.